शंका-समाधान : गंधक, पण कुठल्या रूपातलं?

गेल्या अंकात मोरचुदावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेक पत्रांत शब्द एकच, गंधक. पण प्रत्येकाचं गंधक वेगळं. कुणाचं गोणीतलं, कुणाचं पैंजणावरचं, तर कुणाचं गोबरगॅसच्या खड्ड्यातलं. मोरचूद, हिराकस, तुरटी, जिप्सम ही सगळी गंधकाच्याच घरातली माणसं आहेत, हे बऱ्याच जणांना नवीन वाटलं. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे अशी पत्रं आली की मला राहवत नाही. या महिन्याची सगळी पानं गंधकाला.

प्रश्न : बाई, आमची केळीची कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटी लावलेली केळी) आहे. या वेळी 200 लिटरच्या ड्रममध्ये 5 किलो कॅल्शियम नायट्रेट आणि 5 किलो मॅग्नेशियम सल्फेट एकदमच कालवलं. दोन्ही पाण्यात विरघळणारी खतं. पण पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि आता ठिबकचे निम्मे ड्रिपर टपकत नाहीत. मुलगा म्हणतो, ॲसिड सोडू. सोडू का? (वाचक, रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, आधी ॲसिडचा कॅन बाजूला ठेवा. तुमची दोन्ही खतं चांगली होती, गोणीवर छापलेलंही खरं होतं. वेगवेगळी विरघळवली असती तर दोन्ही पाणी स्वच्छ राहिलं असतं. पण एका ड्रममध्ये आल्यावर नायट्रेटमधलं कॅल्शियम आणि दुसऱ्या खतातलं सल्फेट यांची गाठ पडली आणि जिप्सम तयार झालं. जिप्सम पाण्यात फार थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. मी कागदावर हिशोब मांडला. तुमच्या मापांतून साधारण साडेतीन किलो जिप्सम होऊ शकतं, आणि 200 लिटर पाण्यात मावतं जेमतेम अर्धा किलो. उरलेला तो ताकाचा रंग. तोच ड्रिपरमध्ये जाऊन बसला.

आता ॲसिडचं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं नळ्यांत जो पांढरा थर धरतो तो बहुधा चुनखडीचा असतो. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की फसफसून तो विरघळतो, म्हणून मुलाला तसं वाटणं साहजिक आहे. जिप्सम मात्र ॲसिडला दाद देत नाही, आणि तुम्ही ॲसिड वाया घालवून वर मुळांना चटका द्याल. खात्री करायची असेल तर एक ड्रिपर उघडा, आतला पांढरा गाळ बशीत काढा, त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं नाही तर जिप्सम.

उपाय कंटाळवाणा आहे. फिल्टर उघडून हातानं धुवा, सबमेनचा, म्हणजे मधल्या मोठ्या नळीचा, फ्लश सोडा, लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून नुसतं पाणी भरपूर वाहू द्या. एक किलो जिप्सम विरघळायला चारशे-पाचशे लिटर पाणी लागतं, तेव्हा एका सकाळीत होणार नाही. पुढच्या वेळी कॅल्शियम नायट्रेट एका दिवशी आणि सल्फेटची खतं दुसऱ्या दिवशी. अमोनियम सल्फेट आणि पांढरं पोटॅश, म्हणजे 0:0:50, हीसुद्धा सल्फेटच आहेत, त्यांनाही हाच नियम.

प्रश्न : माती तपासून आणली. सामू (pH, आम्ल-अल्कलीचं माप) 8.3, चुनखडी 8 टक्के. दुकानदार म्हणाला, एकरी 10 किलो दाणेदार गंधक टाका, सामू सातवर येतो. गेल्या वर्षी टाकलं, यंदा पुन्हा तपासलं, सामू जागचा हलला नाही. गंधक बनावट असेल का? (वाचक, धुळे तालुका)

उत्तर : गंधक बनावट असेल असं मला वाटत नाही. सांगणारा चुकला. हे जरा बैजवार सांगते, कारण याच एका वाक्यावर आपल्या भागात खूप पैसा जातो.

गोणीतलं पिवळं गंधक जमिनीत पडतं तेव्हा ते आंबट नसतं की खारट नसतं. पाण्यात विरघळतही नाही. थायोबॅसिलस नावाचे जिवाणू त्याला हळूहळू हवेतल्या प्राणवायूशी जोडतात, आणि मग त्याचं गंधकाम्ल होतं. जमीन ओली आणि उबदार असेल तर काही आठवडे लागतात. हे गंधकाम्ल सामू खाली आणणार, हे दुकानदाराचं म्हणणं इथपर्यंत बरोबर. पण त्याच्या वाटेत तुमची चुनखडी उभी आहे.

एक एकराचा वरचा अर्धा फूट थर धरा. ती माती होते साधारण 8 लाख किलो. तिच्यात 8 टक्के म्हणजे 64,000 किलो, 64 टन चुनखडी. 32 किलो गंधकाचं आम्ल 100 किलो चुनखडी संपवतं, हा रसायनशास्त्राचा भाव ठरलेला आहे. तुमच्या 10 किलोच्या गोणीत 90 टक्के गंधक, म्हणजे 9 किलो. त्यानं संपली 28 किलो चुनखडी. 64 टनांतून 28 किलो! सगळी संपवायची म्हटलं तर एकरी वीस टन गंधक लागेल. ते कुणी टाकू नये, आणि गरजही नाही. चुनखडीच्या जमिनीचा सामू सव्वाआठच्या आसपासच राहणार, तो तिचा स्वभाव आहे. चोपण जमिनीची गोष्ट वेगळी. तिथे खोड सोडियमची असते आणि जिप्सम किंवा गंधक घालून, पाण्याचा निचरा करून तो सोडियम धुऊन काढता येतो. तुमच्या अहवालात चोपण असल्याचं काही दिसत नाही.

मग तुमचे 10 किलो वाया गेले का? तुम्ही भुईमूग आणि कांदा घेता असं पत्रात आहे. तेलबियांना हेक्टरी 20 ते 40 किलो गंधक लागतं, म्हणजे एकरी 8 ते 16 किलो. म्हणजे दुकानदारानं दिलेलं माप अन्न म्हणून अगदी नेमकं होतं, फक्त कारण चुकीचं सांगितलं. गंधक हा पिकाचा घास आहे. मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांत गंधक असतं, त्यांच्याशिवाय झाडाला प्रथिनं पूर्ण बांधता येत नाहीत.

कमतरता ओळखायची खूण लक्षात ठेवा. नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. गंधक असं सहज हलवता येत नाही, म्हणून शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि खालची हिरवी राहतात. बांधावर उभं राहून बघा, खालून पिवळं की वरून पिवळं. अनेक जण वरून पिवळं बघूनही युरियाच टाकतात.

आणखी एक. तुम्ही डीएपी हे खत वापरता, त्यात गंधक नसतं. आपल्या वडिलांच्या काळात सिंगल सुपर फॉस्फेट वापरायचे, त्याच्या 50 किलोच्या गोणीत स्फुरदासोबत साडेपाच किलो गंधक येतं, तेही सल्फेटच्या रूपात, मुळांना लगेच घेता येईल असं. दोन गोण्यांत तुमचं गंधकाचं काम होतं. दाणेदार गंधकच टाकायचं असेल तर पेरणीच्या वेळी, शेणखतात मिसळून ओळीत द्या. दाण्याभोवतीच्या चिमूटभर मातीचा सामू तेवढ्यापुरता उतरतो आणि लोह-जस्तही थोडं मोकळं होतं. तेवढाच काय तो सामूवरचा उपयोग.

प्रश्न : भुरी रोगासाठी 80 टक्के गंधक एप्रिलमध्ये काकडीवर फवारलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. औषध जास्त झालं का? (वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : मापापेक्षा ऊन जास्त झालं. तापमान 32 ते 35 अंशांच्या वर असताना गंधक फवारलं की पान भाजतं, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळी दहालाच पारा तिथे गेलेला असतो. त्यातून काकडी, खरबूज ही वेलवर्गातली पिकं गंधकाला मुळातच नाजूक. फवारणीचं गंधक हिवाळ्यातलं औषध समजा. निंबोळी तेल किंवा कुठलंही तेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावू नका.

प्रश्न : साक्रीचा कांदा चिरताना डोळ्यांना धारा लागतात, बाजारातून आणलेला एक कांदा मात्र अगदी गरीब निघाला. असं का? (वाचक, साक्री)

उत्तर : कांदा जमिनीतून सल्फेट घेतो आणि त्याची गंधकयुक्त द्रव्यं करून पेशींत साठवतो. सुरी फिरली की पेशी फुटतात, वेगळ्या कप्प्यातली विकरं (एन्झाइम) त्या द्रव्यांना भेटतात आणि एक उडून जाणारं द्रव्य तयार होतं, तेच डोळ्यांत जातं. ज्या जमिनीत गंधक कमी, तिथला कांदा सहसा मवाळ. वाणाचाही फरक असतो. चिरण्याआधी कांदा थंड करून घ्या, सुरी धारदार ठेवा, म्हणजे पेशी कमी चिरडतात.

प्रश्न : लेकीचे चांदीचे पैंजण सहा महिने कपाटात ठेवले होते, रबर लावून, पिशवीत घालून. काढले तर काळेठिक्कर. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता असली की चांदी काळी पडते, पोरीला दाखवून आण. मला काळजी लागली आहे. (वाचक ताई, अमळनेर)

उत्तर : ताई, आधी काळजी सोडा. पैंजण सहा महिने लेकीच्या पायात नव्हतेच, कपाटात होते. तेव्हा उष्णता तिची कशी असेल? सासूबाईंना हे एवढंच सांगा, त्यांना पटेल. त्यांची नजर मात्र चांगली आहे. चांदी काळी पडते ती बाहेरचं काहीतरी येऊन चिकटल्यामुळेच.

चिकटलं ते गंधक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसानं 1839 मध्ये शोध लावला की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही. तेव्हापासून टायरपासून रबरबँडपर्यंत बहुतेक रबरात गंधक असतंच. तुमच्या बंद पिशवीत ते सहा महिने चांदीजवळ होतं. चांदी आणि गंधक मिळून सिल्व्हर सल्फाइड होतं, तोच काळा थर. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा घातला तरी हेच होतं.

आता काढायचं कसं. दातमंजनानं किंवा राखेनं घासू नका, घासलं की काळ्यासोबत चांदीही जाते. घरात जुनं जर्मनचं पातेलं असेल तर ते घ्या. पैंजण पातेल्याच्या बुडाला टेकतील असे ठेवा, वर दोन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ टाका आणि उकळतं पाणी ओता. बुडबुडे येतील, सडक्या अंड्याचा मंद वास येईल. घाबरू नका, तो वास म्हणजे चांदी सोडून निघालेलं गंधक. जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, चांदीकडून गंधक सोडवून घेतं आणि चांदी जागच्या जागी पुन्हा चांदी होते. मी माझ्या आईचे गोठ असेच काढले. काळा रंग आधी तपकिरी झाला, मग पिवळसर, आणि दहा मिनिटांत नक्षीतल्या पानांच्या शिरासुद्धा दिसायला लागल्या. खिडकी उघडी ठेवा. त्या पातेल्यात नंतर स्वयंपाक करू नका. खडे बसवलेले किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असलेले दागिने असे उकळू नका. आणि रबर कपाटातून कायमचं काढा, सुती धागा बांधा.

प्रश्न : आमचा गोबरगॅसचा खड्डा 12 वर्षांनी उपसायचा आहे. दोन मजूर ठरवले आहेत. जुनी माणसं म्हणतात, आत दिवा सोडा, विझला नाही तर उतरा. वासही फारसा येत नाही. एवढं पुरे ना? (वाचक, शहादा तालुका)

उत्तर : तुम्ही पत्रात फोन नंबर दिला होता म्हणून त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. बाकीच्यांसाठी इथे लिहिते आणि हात जोडून लिहिते. कुणालाही उतरवू नका.

प्राणवायू नसलेल्या जागी शेण कुजतं तेव्हा त्यातल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. तो हवेहून जड, म्हणून खड्ड्याच्या तळाशी बसतो. थोडा असला की नाकाला लगेच कळतो, दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी. पण प्रमाण शंभर भागांपर्यंत गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. हजाराच्या आसपास माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. तेव्हा "वास फारसा येत नाही" या तुमच्या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. 1989 साली प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून हाच वायू काढत होतो, क्षार ओळखण्याच्या प्रयोगासाठी. उपकरणाची तोटी नीट बसली नव्हती. सुरुवातीला वास आला, मग कमी झाला, आणि मी समजले की गळती थांबली. डोकं जड झालं होतं, ते मी उन्हावर ढकललं. तेवढ्यात आमचे शिपाई आप्पा बाहेरून आले, दारातच थबकले आणि ओरडले, "मॅडम, हाई काय शे!" त्यांनी सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या, पोरांना ओढून बाहेर काढलं. वीस मुलं होती आत. आप्पांच्या नाकाला जे दारात कळलं ते मला अर्धा तास आत उभं राहून कळलं नव्हतं. आप्पा आता नाहीत. हे लिहिताना त्यांचा चेहरा समोर आला.

दिव्याचं सांगते. दिवा फक्त प्राणवायू आहे की नाही एवढंच सांगतो. हायड्रोजन सल्फाइडबद्दल तो काहीही सांगत नाही. आणि गोबरगॅसमध्ये मिथेन असतो. हवेत तो 5 ते 15 टक्के असला तर तुमचा दिवाच स्फोट करील. विहिरीसाठी सांगितलेला उपाय या खड्ड्यावर आणू नका. आणखी एक धोका असा, की वरून सगळं शांत दिसतं आणि गाळात फावडं घातलं, ढवळलं, की अडकलेला वायू एकदम सुटतो.

उपसायचं ते बाहेरूनच, पंपानं. वरची टाकी किंवा झाकण काढून बरेच दिवस उघडं ठेवा, पाणी सोडून गाळ पातळ करा, पुन्हा ओढा. आत जाणं टळतच नसेल तर ज्यांच्याकडे वायू मोजायचं यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि कमरेला दोर आहे, अशाच माणसांनी. तोंडाला बांधलेला ओला रुमाल या वायूला अडवत नाही. आणि कोणी आत पडलाच तर त्याच्यामागे उडी मारू नका, कितीही जवळचा असला तरी. अशा खड्ड्यांत बापामागे लेक आणि भावामागे भाऊ जातात, ते याच एका चुकीनं. 112 ला फोन करा, पंख्यानं किंवा ब्लोअरनं आत हवा सोडा, दोर बांधलेला असेल तर वरून ओढा.

घरच्या संडासाच्या टाकीलाही हेच सगळं लागू. तिथे तर माणसाला संरक्षणाच्या साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूला 30 लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं आहे.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. गंधकाला वास असतो का? नावात गंध आहे, पण आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीला वास आला नाही. आणि ते पिवळं गंधक ज्वालामुखीतून आणतात का? (शिरपूर)

उत्तर : बेटा, तू बाटली हुंगून पाहिलीस हे मला फार आवडलं. शुद्ध गंधकाला जवळजवळ वास नसतो. वास त्याच्या संयुगांना असतो. काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तो सल्फर डायॉक्साइड. सिलेंडर गळतो तेव्हा येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, नाहीतर तो गॅस आपल्याला कळलाच नसता. त्यातही गंधक आहे.

ज्वालामुखीजवळ गंधक सापडतं हे खरं, पण आज बाजारात येणारं बरंचसं गंधक तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येतं. कच्च्या तेलात आणि वायूत गंधक असतं, ते काढावं लागतं. 1 एप्रिल 2020 पासून आपल्या पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाख भागांत 10 भागांपेक्षा जास्त गंधक चालत नाही. काढलेलं गंधक खतात, रबरात आणि सगळ्यात जास्त गंधकाम्ल करायला जातं. तुझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत तेच आम्ल आहे, तिला हात लावू नकोस.

आणि एक प्रयोग सरांना दाखवायला सांग, स्वतः करू नकोस. परीक्षानळीत गंधक मंद आचेवर तापवायचं. 115 अंशांच्या थोडं पुढे गेलं की वितळून मधासारखं पिवळं आणि पातळ होतं. गंधकाचे आठ-आठ अणू कडी करून राहतात, त्या कड्या तेव्हा एकमेकींवरून सहज घसरतात. आणखी तापवलं, 160 च्या पुढे, की कड्या तुटून लांबच लांब साखळ्या होतात आणि एकमेकींत गुंततात. मग गंमत बघ. तापवत गेल्यावर पातळ व्हायचं सोडून ते लालतपकिरी आणि इतकं घट्ट होतं की नळी उलटी केली तरी पडत नाही. अजून तापवलं की पुन्हा वाहतं. तेव्हा सर ते थंड पाण्यात ओततील. पाण्यातून जे तपकिरी निघेल ते बोटांनी ताणून बघ, रबरासारखं ताणलं जाईल. तो तुकडा कंपासपेटीत ठेव आणि रोज दाबून बघ. काही दिवसांत तो पिवळा आणि ठिसूळ होईल. कितव्या दिवशी झाला ते मला लिहून कळव.